न चढणारं गाणं

मुलांनो, जिथं असाल तिथं जरा पाठीवर आडवे व्हा आणि डोळे मिटा. वाचून दाखवणाऱ्यानं मात्र मिटू नयेत. आता असं समजा की डोळे उघडायचे आहेत, पण पापणी वर जात नाही. बोट हलवायचं आहे, ते हलत नाही. नाकावर माशी बसली आहे, तिचे पाय कळताहेत, पण हाकलता येत नाही. तोंडातून हाक निघत नाही. कान तेवढे शाबूत आहेत. खोलीत कोण आलं, कोण गेलं, तुमच्याबद्दल कोण काय म्हणालं, सगळं ऐकू येतं. आणि आता सगळ्यात अवघड गोष्ट समजा. तुमची छातीही हलत नाही. श्वास तुमचा तुम्हाला घेता येत नाही. दुसरं कुणीतरी उशाशी बसून, हातानं, एकेक श्वास तुम्हाला देतं आहे. तो हात थांबला तर?

उठा आता. एवढं पुरे.

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या भाद्रपदात श्रावण नावाचा एक शेतकरी असाच पडून होता. त्याचं गाव समुद्रपूरच्या बाजूला. त्याला एक मुलगी होती, यशोदा, अकरा वर्षांची. तिला नऊ दिवसांचा भाऊ झाला होता. घरात एकच बाज होती, ती बाळंतिणीला दिलेली. म्हणून श्रावण आणि यशोदा पुढच्या खोलीत जमिनीवर झोपायचे. एका कोपऱ्यात चुलीसाठी कापसाच्या पऱ्हाट्या रचून ठेवल्या होत्या. मण्यार नावाचा विषारी साप बहुतेक तिथूनच आला. मण्यार चावली तर फारसं दुखत नाही, सूज येत नाही. झोपलेल्या माणसाला डास चावल्यासारखं वाटतं आणि तो कूस बदलून पुन्हा झोपतो. श्रावणनंही तेच केलं.

सकाळी तो उठला तेव्हा त्याचं पोट दुखत होतं आणि डोळ्यांवर झापड होती. "यशोदे, तू मले दोन-दोन काऊन दिसून राह्यली?" असं तो म्हणाला. यशोदा हसली. तिला वाटलं, बाबा गंमत करताहेत. मग त्याची जीभ जड झाली आणि पाणी नाकातून परत आलं, तेव्हा ती ओरडली. श्रावणचा धाकटा भाऊ तानबा धावत आला. कुणी म्हणालं, साप चावला, नागोबाच्या ठाण्यावर न्या, तिथं मंत्रानं विष उतरवतात. तानबानं ऐकलं नाही. त्यानं सरपंचाची जीप मागून आणली आणि भावाला आत घातलं. श्रावणनं यशोदाचं मनगट घट्ट धरलं होतं. ते सोडवायला वेळ नव्हता, म्हणून तिलाही तशीच जीपमध्ये बसवली. तिची आई पंचफुला बाळाला घेऊन दारात उभी राहिली. बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नव्हता.

वर्ध्याचा रस्ता दीड तासाचा. अर्ध्या वाटेवर यशोदाला जाणवलं की मनगटावरची पकड सैल होते आहे. आधी करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं बोट. तिनं दुसऱ्या हातानं बाबाची बोटं पुन्हा आपल्या मनगटाभोवती गुंडाळली. ती पुन्हा सुटली. दवाखाना आला तेव्हा तीच त्याचा हात धरून होती. त्याच्या हातात काही उरलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात एक वेगळी खोली असते. जे अगदी जिवावर बेतलेले रोगी, त्यांना तिथं ठेवतात. तिला अतिदक्षता विभाग म्हणतात. या खोलीत सहा खाटा होत्या आणि श्वास देणारं यंत्र एकच होतं. ते एका बाईला लावलेलं होतं, तिचं काढून याला लावता येत नव्हतं. डॉक्टरांनी श्रावणला सापाच्या विषावरचं औषध दिलं, घशात नळी घातली आणि नळीच्या टोकाला पपईएवढी काळ्या रबराची पिशवी जोडली. पिशवी दाबली की हवा छातीत जायची, सोडली की पिशवी आपोआप फुगायची.

"हे तुम्हालाच करायचं आहे," सुलोचना सिस्टर तानबाला म्हणाल्या. "माझ्याकडे सहा पेशंट आहेत. दाबताना मनात एक म्हणायचं. सोडल्यावर दोन, तीन, चार. पिशवी पूर्ण फुगू द्यायची, मगच पुन्हा दाबायची. अर्धी फुगलेली दाबली तर श्वासही अर्धाच जातो."

"किती वेळ, बाई?"

"विष उतरेपर्यंत. दोन दिवस, तीन दिवस. सांगता येत नाही."

तानबानं आपल्या हाताकडे पाहिलं. औत हाकणारा हात होता, पण तीन दिवस?

"आणि ही मुलगी कोण? लहान मुलांना इथं मनाई आहे."

"त्याचीच हाये, बाई. बापाचा हात सुटला तशी बोलली नाई. राहू द्या."

सिस्टरनी यशोदाकडे पाहिलं आणि तिला श्रावणच्या पायाशी स्टुलावर बसवलं. "तुला काम देते. बाबांच्या हाताच्या नखांकडे पाहायचं. गुलाबी आहेत तोवर ठीक. निळी दिसली की मला हाक मार. पिशवीला, नळीला अजिबात हात लावायचा नाही. नळी निसटली तर फार वाईट होईल. कळलं?"

यशोदानं मान हलवली. मग तिनं विचारलं, "बाबाले ऐकू येते का?"

"सगळं येतं. विषानं त्यांचं अंग झोपवलंय. कान जागे आहेत."

हे चांगलं की वाईट, ते यशोदाला कळेना. कारण त्याच दिवशी दुपारी गावातले अण्णाजी भेटायला आले. वयानं मोठे, शब्दाला मान असलेले. त्यांनी श्रावणची पापणी बोटानं उचलली, वाकून पाहिलं आणि खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "डोळ्याची बाहुली फाटली, तानबा. माणूस गेला हाये. कायले मुडद्यात हवा भरून राह्यले?"

"अण्णाजी, बाहेर व्हा," सिस्टर म्हणाल्या. "तो ऐकतोय."

अण्णाजी गेले. पण बोललेलं परत घेता येत नाही. यशोदाला वाटलं, बाबा आता त्या अंधारात एकटे पडून हेच शब्द ऐकत असतील. तिनं नखांकडे पाहिलं. गुलाबी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गावच्या भजन मंडळातले चौघं आले. पुढे डोमाजी बुवा, मागे शेजारचे रूपराव आणि आणखी दोघं. श्रावण त्यांच्या मंडळात झांजा वाजवायचा. बुवांच्या पिशवीत खंजिरी होती, ती सिस्टरनी दाराबाहेरच ठेवायला लावली. चौघांनी पाळ्या लावून घेतल्या, म्हणून तानबाला तासभर पडता आलं.

पण मोजणं कुणालाच जमेना. रूपराव तिनापर्यंत जायचे आणि डुलकी लागली की पुन्हा एकपासून सुरू करायचे. दुसरा माणूस भीतीनं इतका भरभर मोजायचा की पिशवी फुगायलाच उसंत मिळायची नाही. सिस्टर तीन वेळा रागावल्या.

"बाई, हे एक-दोन-तीन आमच्या बापजन्मी केलं नाई," डोमाजी बुवा म्हणाले. "आमच्या हाताले ताल समजते, आकडा नाई समजत. हळू आवाजात भजन म्हणू द्या. समेवर दाबू, बाकीच्यात सोडू. घड्याळापक्षा पक्कं चालंन."

"अगदी हळू म्हणा," सिस्टर म्हणाल्या आणि दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

बुवांनी मांडीवर बोटानं ठेका धरला. चौघांनी ओठांतल्या ओठांत भजन सुरू केलं. आणि खरोखर, जादू झाल्यासारखं झालं. रूपरावांचा हात समेवर पडायचा, सुटायचा, पिशवी सावकाश फुगायची, पुन्हा सम. कुणाचे डोळे मिटेनात. यशोदाला दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. तिला वाटलं, बाबांनाही बरं वाटत असेल, त्यांचंच मंडळ आहे.

पहिलं भजन संपलं. दुसरं संपलं. तिसरं सुरू झालं.

तुम्ही कधी खंजिरीचं भजन ऐकलं असेल तर तुम्हाला माहीत आहे, ते जागच्या जागी राहत नाही. बैलगाडीसारखं सुरू होतं, मग दुडक्या चालीनं, आणि शेवटी गजराला पोचलं की घोड्यासारखं. गाणाऱ्याला ते कळत नाही, कारण सगळेच एकत्र चढतात. भजन न चढता संपलं तर मंडळाची अब्रू जाते. या चौघांनी लहानपणापासून असंच म्हटलं होतं. आता आवाज ओठांतच होता, पण बुवांच्या मांडीवरची बोटं भरभर पडू लागली होती, आणि रूपरावांचा हात त्यांच्या मागोमाग धावत होता. पिशवी अर्धी फुगायची की दाबली जायची. मग अर्ध्याचीही अर्धी.

यशोदानं नखांकडे पाहिलं. जांभळं खाल्ल्यावर आपले ओठ होतात, तसा रंग होता.

सिस्टरना हाक मारायची होती. गावात चालू भजन कुणी मोडत नाही. एकदा गोठ्याला आग लागली होती, तेव्हा बुवांनी शेवटचं कडवं पुरं करून मगच बादली उचलली होती, हे सगळं गाव कौतुकानं सांगायचं. आणि इथं पोरीच्या जातीनं, अकरा वर्षांच्या, बुवांना थांब म्हणायचं? तिनं पुन्हा पाहिलं. जांभळा रंग बोटाच्या पेरापर्यंत उतरला होता. बुवांचे डोळे मिटलेले होते, चेहऱ्यावर भक्ती होती, आणि भजन गजराजवळ पोचलं होतं.

यशोदा उठली आणि तिनं बुवांचा ठेक्याचा हात दोन्ही हातांनी धरून दाबून टाकला. "निळी!" ती किंचाळली. "सिस्टर, निळी!"

सिस्टर धावत आल्या. त्यांनी रूपरावांच्या हातून पिशवी घेतली आणि एक पूर्ण, सावकाश श्वास दिला. मग दुसरा. तिसरा. सहाव्या श्वासाला नखांच्या मुळाशी जरा गुलाबी दिसलं.

तरुण डॉक्टर आले. "इथं गाणं कुणी सुरू केलं?"

"मीच म्हणू दिलं, सर," सिस्टर म्हणाल्या. "मोजणं जमत नव्हतं त्यांना."

"आता बंद. एक शब्द नको. आणखी दोन मिनिटं गेली असती तर..." त्यांनी श्रावणकडे पाहिलं आणि वाक्य पुरं केलं नाही. तो ऐकत होता.

डोमाजी बुवा भिंतीला टेकून बसले. मोठा माणूस असा बसलेला यशोदानं पाहिला नव्हता. "आमच्या हातातच चढ हाये, पोरी," ते म्हणाले. "मले समजलंच नाई. तुह्या बापाले मीच मारत होतो."

मग खोलीत शांतता झाली, आणि ती शांतता भजनापेक्षा भयंकर होती. आता तानबा पिशवीवर बसला होता. "एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार." पाठीमागे कुत्रं लागलेला माणूस जसा मोजेल, तसा. सिस्टर त्याचा हात धरून आवरायच्या, पाच मिनिटं बरं चालायचं, मग पुन्हा तेच. डॉक्टरांनी नाडी पाहिली. एकशे सव्वीस. बाबांना आता फक्त तानबा काकाजीची भीती ऐकू येते आहे, असं यशोदाला वाटलं.

तिला घरचा पाळणा आठवला. तो आढ्याला लांब दोरांनी टांगलेला होता. बाळ झालं त्या दिवसापासून त्याची दोरी ओढायचं काम तिचं होतं, आणि बारशाला म्हणायचं म्हणून शेजारच्या बायांनी तिला पाळण्याचं गाणंही शिकवलं होतं. पहिल्या दिवशी बाळ लवकर झोपावं म्हणून तिनं दोरी भरभर ओढली होती. पाळणा नुसता हिसके खात राहिला आणि बाळ जास्तच रडलं. झोक्याला त्याची स्वतःची चाल असते. कुणाला कितीही घाई असो, तो परत यायचा तेव्हाच येतो. आणि ते गाणं झोक्यावर बसलेलं असल्यामुळे ते चढूच शकत नाही.

डॉक्टर नाही म्हणाले होते. एक शब्द नको, असं. यशोदानं दाराकडे पाहिलं. मग तिनं काकाजीकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरून घाम पिशवीवर ठिबकत होता. ती त्याच्याजवळ सरकली, एका हातानं हवेतच दोरी धरली आणि अगदी बारीक आवाजात सुरू केलं:

झोका गेला लांब लांब,
बाळा माह्या, थांब थांब.
झोका आला, दोरी ओढ,
बाळा माह्या, रडणं सोड.

"काय करून राह्यली व?" तानबा कुजबुजला.

"काकाजी, ओळ सुरू झाली का दाबा. मंग ओळ संपेपर्यंत सोडा. माह्या हाताकडे पाहा."

तिचा हात ओढायचा आणि लांब जायचा, ओढायचा आणि लांब जायचा. तानबाचा हात आधी अडखळला, मग तिच्या हाताच्या मागे आला. पिशवी पूर्ण फुगू लागली.

डॉक्टर परत आले तेव्हा पाळणा चालूच होता. ते दारात थबकले. यशोदा थांबली नाही, कारण मधेच थांबली असती तर काकाजीचा हातही थांबला असता. डॉक्टरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मिनिटभर पाहतच राहिले.

"चौदा श्वास," ते म्हणाले. पाव तासानं पुन्हा मोजलं. "चौदा." अर्ध्या तासानं तिसऱ्यांदा. "चौदाच. कोण मोजतंय?"

"कोणीच नाई, साहेब," तानबा म्हणाला. "पोरगी बाळाचा पायना म्हणून राह्यली."

डॉक्टरांनी श्रावणची नाडी धरली. एकशे चार. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हिला थांबवू नका," ते सिस्टरना म्हणाले. "पण हिचा घसा किती टिकेल? बाकीच्यांना शिकवा."

"आमी? पायना?" डोमाजी बुवा उभे राहिले. "बायकायचं गाणं म्हणू? या मिशीनं?"

"मिशी बाहेर ठेवून या, खंजिरीजवळ," सिस्टर म्हणाल्या.

रूपराव फसकन हसले आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

बुवा शिकले. संध्याकाळपर्यंत चौघंही शिकले. मोठे बाप्ये एका खाटेभोवती उकिडवे बसून पाळणा म्हणत होते. मध्येच यशोदा म्हणायची, "बुवा, चढले तुमी."

"कुठं चढलो व?"

"'रडणं सोड'वर."

"घे बाप्पा, उतरलो."

पण भीती गेली नव्हती. रात्री सिस्टर यशोदाला बाहेर व्हरांड्यात झोपायला पाठवत, आणि खिडकीतून येणारी पाळण्याची गुणगुण जरा अडखळली की तिचे डोळे उघडत. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी श्रावणच्या पायाचा अंगठा जोरात चिमटला. काही झालं नाही. हाताचा चिमटला. काही नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहायला फार वेळ लावला. त्या दिवशी घरी बारसं व्हायचं होतं. पंचफुलानं एका माणसाबरोबर निरोप धाडला होता: ते येतपर्यंत मी पोराचं नाव ठेवत नाई. निरोप सांगताना त्या माणसानं श्रावणकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

दुपारी बुवा, रूपराव आणि बाकीचे दोघं जेवायला बाहेर गेले. पिशवीवर तानबा होता, त्याला तीन दिवसांत सलग झोप मिळाली नव्हती. यशोदा त्याच्याशेजारी बसून पाळणा म्हणत होती. समोरच्या खाटेवर त्या यंत्राच्या बाईचं काहीतरी एकदम बिघडलं. सिस्टर आणि डॉक्टर दोघंही तिकडे धावले, मध्ये हिरवा पडदा ओढला गेला. पडद्यामागून भांडी आपटल्यासारखे आवाज येऊ लागले. यशोदानं तिकडे बघायचं नाही म्हणून डोळे मिटले आणि गात राहिली.

आता मुलांनो, पाळण्याच्या गाण्याचं काम काय? माणसाला झोपवणं. तीन दिवसांच्या जागरणावर ते काम त्यानं चोख केलं.

यशोदाच्या कानाला काहीतरी कमी जाणवलं. दर ओळीला रबराचा फुस्स असा आवाज व्हायचा, तो झाला नव्हता. तिनं डोळे उघडले. तानबाची मान छातीवर पडली होती, पिशवी त्याच्या सैल बोटांत तशीच फुगलेली होती.

"काकाजी!" तिनं त्याला हलवलं. तो एका कुशीवर कलला आणि भिंतीला टेकून तसाच राहिला. "काकाजी, उठा!" श्रावणची छाती खाली जाऊन तिथंच थांबली होती. "सिस्टर! काकाजी झोपले!"

पडद्यामागून सिस्टरचा आवाज आला. "दाब! तू दाब! दोन्ही हातांनी. नळी ओढू नको. मी आले!"

पण त्या आल्या नाहीत. त्यांना येता येत नव्हतं.

ज्याला हात लावायचा नाही असं तीन दिवस बजावलं होतं, ती पिशवी यशोदानं दोन्ही हातांत घेतली. तिच्या वाटीएवढ्या हातांत ती मावेना. तिनं ती आपल्या पोटाशी टेकवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबली. छाती वर आली. तिनं सोडलं. आपण नळी ओढली तर नाही ना, म्हणून तिचे खांदे आखडले होते. झोका गेला लांब लांब. आवाज फुटत नव्हता, नुसता वारा येत होता. दाब. बाळा माह्या, थांब थांब. दाब. तिनं नखांकडे नजर टाकली. गुलाबी होती. ती रडत होती, पण रडं लयीत येऊ द्यायचं नाही, एवढं तिला कळत होतं.

इतक्या जवळून तिनं ती पिशवी पहिल्यांदाच पाहिली. पिशवी जिथं नळीला जोडली होती तिथं काचेसारखा पारदर्शक तुकडा होता आणि त्यात रबराची एक पातळ झडप. ती दाबायची तेव्हा झडप उघडायची. सोडायची तेव्हा मिटायची. उघड, मीट. उघड, मीट. तिनं नजर तिथंच बांधून ठेवली.

आणि मग, तिनं दाबलेलं नसताना, झडप फडफडली.

आपण काहीतरी मोडलं. हवा गळते आहे. तिनं घाईनं दाबलं, तर पिशवी एकदम कडक लागली, पलीकडून कुणीतरी दाबून धरल्यासारखी. तिनं सोडलं. झडप पुन्हा एकदा, अगदी हलकी, आपली आपण थरथरली.

मोडली असेल, तर जोरानं दाबत राहायला हवं. पण मोडली नसेल तर? पलीकडे खरंच कुणी असेल तर? बाबाच असतील, आणि आपण दर वेळी त्यांच्या श्वासावरच हवा लोटत असू तर? तिनं पडद्याकडे पाहिलं. सिस्टरची पाठ दिसत होती. हाक मारायला तिच्या घशात ओल उरली नव्हती. तीन दिवस सगळ्यांनी तिला एकच गोष्ट सांगितली होती: हात थांबू द्यायचा नाही.

तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं, ते आधी मनाशी ठरवा. मग पुढचं वाचा.

यशोदानं गाणं अर्ध्या ओळीवर तोडलं. पिशवी तिनं सोडली नाही, पण तळवे सैल केले, इतके की रबर नुसतं टेकून राहावं. ती झडपेकडे पाहत राहिली. झडप मिटलेली होती. पडद्यामागं काहीतरी खाली पडलं, तिनं मान वळवली नाही. झडप मिटलेलीच होती. आता दाबावं, आता, असं हात म्हणत होते आणि ती त्यांना धरून होती.

झडप ज्वारीच्या दाण्याएवढी उघडली.

तिनं बाबांच्या त्या श्वासामागोमाग, अगदी हलकेच, पिशवी दाबली. मग हात सैल सोडले आणि त्यांच्या पुढच्या श्वासाची वाट पाहत बसली.